न्योक्कीत पाणी कुठे नको, कुठे हवं

वाचकांचे प्रश्न : स्वयंपाकघर

मागच्या महिन्यात याच पानावर मी लोण्यातल्या न्योक्कीची कृती दिली होती. उकडलेल्या बटाट्यात थोडा मैदा मिसळून केलेल्या, अंगठ्याच्या पेराएवढ्या गोळ्या. त्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं शिजवायच्या, मग लोणी आणि सेज नावाच्या सुगंधी झुडपाच्या पानांत परतायच्या, वर किसलेलं चीज. कृती आठ ओळींत मावली होती, पण पत्रं बघून लक्षात आलं की त्या आठ ओळींत बरंच सांगायचं राहून गेलं.

मी मूळची साताऱ्याची, गेली १९ वर्षं उत्तर इटलीत वेरोनात राहते. न्योक्की मला शिकवली आमच्या वरच्या मजल्यावरच्या सिन्योराने, म्हणजे बाईंनी. आता तिची ऐंशी उलटली आहे. खाली जे लिहिते आहे ते बहुतेक तिच्या ओट्याशी उभं राहून शिकलेलं आहे.

प्रश्न : ताई, तुमच्या कृतीने दोनदा न्योक्की केली. पहिल्यांदा गोळ्या पाण्यात सोडल्या आणि निम्म्या विरघळल्या, पाण्याची पेज झाली. दुसऱ्यांदा भीतीने मैदा वाढवला. गोळ्या शाबूत राहिल्या, पण चावताना खोडरबर. बटाटे कुकरला तीन शिट्ट्या करून उकडले, सोलून मिक्सरमधून फिरवले. कुठे चुकतंय? (नाशिक)

ताई, दोन्ही वेळचं दुखणं एकच आहे, बटाट्यातलं पाणी. बटाटा ओला असला की तो पीठ मागत राहतो. पीठ कमी घातलं की गोळी पाण्यात सुटते. जास्त घातलं की ते मिसळायला जास्त मळावं लागतं आणि मैद्याला तार येते, चिवटपणा येतो. तुम्ही पहिल्यांदा एका काठाला गेलात, दुसऱ्यांदा दुसऱ्या. मधली वाट सापडायची तर पीठ हातात घेण्याच्या आधीच बटाटा कोरडा झालेला हवा.

सुरुवात बाजारातून करू. नवा, पातळ सालीचा, नखाने साल निघणारा बटाटा रश्श्याला छान, न्योक्कीला नको. त्यात पाणी जास्त आणि पिठूळपणा कमी. जुना, जाड सालीचा, शिजल्यावर फुटून पिठासारखा होणारा बटाटा हवा. उन्हाळ्यात वेफर्स आणि कीस करायला जो बटाटा निवडून घेता, तोच भाजीवाल्याकडे मागा. शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवून त्यात कच्चा बटाटा सोडायचा. पिठूळ बटाटा जड असतो, तो बुडतो. चिकट, पाणचट जातीचा तरंगतो. शीतगृहातून आलेल्या बटाट्याची चव गोडसर लागत असेल तर तोही टाळा. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि गोळीला धरून ठेवणारं बळच कमी होतं.

आता उकडणं. सिन्योरा सालासकट अख्खे, साधारण एकाच आकाराचे बटाटे थंड पाण्यात ठेवते आणि मंद उकळीवर ३५ ते ४० मिनिटं शिजवते. शिजलेत का हे पाहायला ती एकाच बटाट्याला काडी टोचते, सगळ्यांना नाही, कारण प्रत्येक भोकातून पाणी आत शिरतं. तुम्हाला कुकरच सोयीचा आहे, मग कुकरच वापरा, फक्त बटाट्यांना पाणी लागू देऊ नका. तळाशी पाणी, त्यावर उंच जाळी, जाळीवर अख्खे बटाटे. वाफेवर शिजलेला बटाटा पाण्यात उकडलेल्यापेक्षा कोरडाच निघतो. शिट्ट्यांचा हिशेब तुमच्या कुकरचा तुम्हालाच ठाऊक. साल तडकेपर्यंत मात्र नेऊ नका.

मिक्सर पूर्ण बंद. हे मी अगदी कळकळीने सांगते. शिजलेल्या बटाट्यातला स्टार्च बारीक बारीक पेशींत बंद असतो, आणि त्या शाबूत राहिल्या की बटाटा भुरभुरीत लागतो. मिक्सरचं पातं त्या पेशी फोडतं, स्टार्च बाहेर येतो आणि त्याची खळ होते. कपड्यांना घालतो तीच खळ. मग कितीही मैदा घाला, चिकटपणा हटत नाही.

इटालियन घरांत यासाठी लिंबू पिळायच्या दांड्यासारखं, पण मोठं, भोकाभोकांचं एक यंत्र असतं. मला ते कधी विकत घ्यावं लागलं नाही, कारण लग्नात आईने दिलेला पितळी सोऱ्या माझ्याजवळ आहे. शेवेची बारीक चकती लावायची, गरम बटाटा सोलून आत टाकायचा आणि दाबायचं. ओट्यावर बटाट्याच्या शेवया पडत जातात आणि त्यातून वाफेचे लोट निघतात. सिन्योराने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सोऱ्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि चकत्या एकेक मोजल्या. पुरणयंत्रही चालेल, पण त्यात दांडा गोल फिरताना बटाटा थोडा रगडला जातो. दोन्ही घरात असतील तर सोऱ्याच घ्या. बटाटा गरम असतानाच दाबायचा. थंड बटाट्याच्या गुठळ्या होतात आणि त्यातली वाफही आतच अडकते.

दाबलेला बटाटा ढीग करून ठेवू नका, पसरा. सिन्योरा त्यावर तळहात आडवा धरते, बोटभर उंचीवर. हाताला दमटपणा जाणवला तर थांबते, नाही जाणवला तर पीठ घेते. पाच ते सात मिनिटं लागतात. तुमच्या न्योक्कीत राहून गेली असतील तर ती हीच मिनिटं.

प्रमाण असं : १ किलो बटाट्याला २५० ग्रॅम मैदा, फार तर ३०० ग्रॅम. एवढ्यात चार माणसं पोटभर जेवतात. इटालियन पाककृतींत जागोजागी दोन अक्षरं दिसतात, ‘क्यू. बी.’, म्हणजे क्वांतो बास्ता, पुरेसं असेल तेवढं. आपल्या आया ‘मावेल तेवढं पीठ’ म्हणतात तसंच. मी आधी २०० ग्रॅम भुरभुरते, चमचाभर मीठ, आणि दोन्ही हातांनी खालून वर उचलत दाबून गोळा जमवते. पुरणपोळीची कणीक आपण तेल लावून लावून तिंबतो ना, याच्या बरोबर उलट. गोळा जमला की हात काढायचा. दीड-दोन मिनिटांवर काम जाता कामा नये. कणीक वापरू नका. चक्कीवर दळलेलं पीठ पाणी फार ओढून घेतं आणि गोळी जड होते.

पुढे गोळ्याच्या पट्ट्या कापायच्या, बोटाएवढ्या जाड वळकट्या लाटायच्या आणि दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा काट्याच्या पाठीवर अंगठ्याने हलकं दाबून खाली सरकवायचा. एका बाजूला रेघा उठतात, दुसऱ्या बाजूला खळी पडते. रेघांत लोणी अडकतं, आणि खळीमुळे गोळी मध्ये पातळ होऊन आतपर्यंत शिजते. माझी आजी लग्नघरी वळवटाला बसायची. गव्हले, नखुले, बोटवे, मालत्या. काट्यावरून न्योक्की सरकवताना मला तिची बोटं आठवतात. नखाने दाबून वळायची ती रीत एकच आहे.

आणि सगळ्या गोळ्या एकदम सोडण्याआधी एकच सोडून बघा. विरघळायला लागली तर उरलेल्या गोळ्यात दोन चमचे मैदा मिसळा. चांगली वर आली तर एक चिमूटही वाढवू नका.

प्रश्न : नावाचा उच्चार नक्की काय? मुलगा ग्नोची म्हणतो, सून नोकी म्हणते. (चिंचवड)

न्योक्की. सुरुवातीचा आवाज आपल्या ञ चा आहे, ग ऐकूच येत नाही. पुढे क्क जोडाक्षरासारखा ठासून म्हणायचा. हे अनेकवचन आहे, एक गोळी असेल तर न्योक्को. सूनबाई बरोबरच्या जवळ आहेत.

प्रश्न : सॉसचं काही जमत नाही. बटर वितळवलं, न्योक्की घातली, तर सगळं तूप ताटलीच्या तळाशी आणि न्योक्की वरून कोरडी. तुम्ही लिहिलेल्या सोनेरी रंगापर्यंत नेलं तर करपतं. शिवाय सेज इथे मिळत नाही, कढीपत्ता घालू का? (ठाणे)

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. पहिल्या दोघांचं उत्तर मोठं आहे, कारण अख्खा सॉस तिथेच आहे.

नाशिकच्या ताईंना मी पाणी घालवायला सांगितलं. तुम्हाला मी पाणी घालायला सांगणार आहे. बटर म्हणजे साधारण ८० टक्के स्निग्धांश, बाकी पाणी आणि थोडा दुधाचा घन भाग. ते नुसतं वितळवलं की तीन गोष्टी वेगळ्या होतात आणि स्निग्धांश वाट फुटेल तिकडे पळतो. तो न्योक्कीला धरून राहायचा असेल तर तिसरं काहीतरी मध्ये यावं लागतं. ते काहीतरी म्हणजे न्योक्की शिजवलेलं पाणी. गोळ्यांचा स्टार्च त्यात उतरलेला असतो, म्हणून ते दुधट दिसतं. ते पाणी लोण्यात पडलं आणि कढई हलवली की दोन्ही मिळून येतात, आमटी मिळून येते तशी. पांढरट, दाटसर, गोळीवर बसणारा सॉस होतो. तुम्ही हे पाणी बहुधा मोरीत ओतलं असेल. मीही पहिली दोन वर्षं ओतत होते.

आता रंगाचं. तुम्ही तूप कढवता ना? लोणी आधी वितळतं, मग चुरचुरतं. ते पाणी उडत असतं. फेस येतो. मग चुरचुर मंदावते, खमंग वास सुटतो आणि तळाशी बेरी धरते. आपण बेरी गाळून तूप बाजूला काढतो. इटालियन माणूस बेरी सोनेरी होऊ लागली की तिथेच थांबतो आणि बेरीसकट लोणी जेवणात घेतो. त्या लोण्याला ते हेझलनटचं नाव देतात, ‘बुर्रो नोच्चोला’, कारण वास भाजलेल्या हेझलनटसारखा येतो. तुम्हाला तूप कढवता येतं म्हणजे हा सॉसही येतो. फक्त दोन मिनिटं आधी थांबायचं.

दोघांसाठी ६० ग्रॅम बिनमिठाचं लोणी घ्या. घरचं विरजणाचं पांढरं लोणी असेल तर फारच छान, पण ते ताक निघेपर्यंत धुऊन घ्या. ताकाचा अंश राहिला की तो लवकर करपतो. बाजारातलं पिवळं खारं बटरच हाताशी असेल तर न्योक्कीच्या पाण्यात मीठ घालू नका. कढई शक्यतो आतून फिक्या रंगाची घ्या. काळ्या नॉनस्टिकमध्ये लोण्याचा रंग कळत नाही, आणि करपण्याचं मोठं कारण हेच असतं. आच मध्यमच्या खाली.

फेस आला की सेजची आठ-दहा पानं पुसून, अगदी कोरडी करून घाला. पान पडताच त्याच्याभोवती बारीक बुडबुड्यांची झालर उठते. कडा आत वळतात, राखाडी हिरवा रंग गडद होतो. झालर विरली की समजायचं, पानातलं पाणी गेलं, पान कुरकुरीत झालं. त्याच सुमारास तळाशी बारीक सोनेरी कण दिसू लागतात. लगेच कढई आचेवरून उतरवा आणि अर्धी पळी न्योक्कीचं पाणी घाला. जोरात फसफसेल, घाबरू नका. त्या पाण्याने लोण्याचं करपणंही जागच्या जागी थांबतं. मग शिजलेली न्योक्की झाऱ्याने उचलून थेट कढईत टाका, चाळणीत निथळत ठेवू नका. पुन्हा आचेवर मिनिटभर, चमचा न लावता, कढई हलवत राहा. सॉस दाट वाटला तर आणखी चमचाभर पाणी. गॅस बंद केल्यावर मूठभर चीज. आच सुरू असताना घातलेलं चीज तारा सोडतं आणि गोळा होऊन बसतं.

सेजबद्दल. इटालियनमध्ये त्याला साल्व्हिया म्हणतात. तुळशीच्या कुळातलं झुडूप, पानं जाडसर आणि मखमली, वास कापूर आणि धूप यांच्या मधला. मोठ्या शहरांतल्या काही भाजीवाल्यांकडे हिवाळ्यात ताजं मिळतं. कुंडीत लावलंत तर पाणी तुंबू देऊ नका आणि पावसाळ्यात पत्र्याखाली ठेवा, ओल्या मातीत त्याची मुळं कुजतात. सुकलेल्या सेजची पूड मला या सॉसात आवडत नाही. ती कडवट लागते आणि कुरकुरीत पानाची मजा त्यात नाही.

कढीपत्ता लोण्यात तडतडला की सुंदरच लागतो, पण तो फोडणीचा वास घेऊन येतो आणि मग मोहरी, हिंग, मिरची सगळी आठवतात. तुम्ही जरूर करा, फक्त तो वेगळा पदार्थ होईल. इटालियन चवीच्या जवळच राहायचं असेल तर माझी पसंती खसखशीला. वेरोनाच्या ईशान्येला डोंगरात कोर्तिना नावाचं गाव आहे. तिथे बीट भरलेल्या पास्त्यावर वितळलेलं लोणी आणि खसखस घालतात. न्योक्कीवरही ती फार छान लागते. एक मोठा चमचा खसखस फेसावर घाला, अर्धा मिनिट परता, मग पाणी. युरोपातली खसखस निळसर काळी असते, आपली पांढरी, चव आपली जास्त सौम्य. घरात नुसती मिरी असेल तर जाडसर कुटलेली मिरी आणि लिंबाच्या सालीचा कीस, तेही पुरे.

प्रश्न : काकू, मी श्टुटगार्टला शिकतो. खोलीत एकच विजेची शेगडी, एक पातेलं, एक तवा. आठ वाजता घरी येतो. दुकानात पाकिटातली न्योक्की मिळते, ती खाल्ली तर चालेल ना? वीस मिनिटांत काय होईल? (जर्मनी)

चालेल का म्हणून काय विचारतोस बाळा, इटलीतली निम्मी घरं मधल्या वारी पाकीटच उघडतात. वर जे बटाट्याचं पुराण लिहिलं ते रविवारसाठी. पाकिटातली न्योक्की बहुतेक वेळा सुकवलेल्या बटाट्याच्या पापुद्र्यांची असते, म्हणून जरा घट्ट लागते. पण सॉस नीट केलास तर जेवण उत्तम होतं. ५०० ग्रॅमचं पाकीट दोघांचं. अर्धं वापरलंस तर उरलेलं डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव आणि दोन दिवसांत संपव.

शेगडी एकच आहे म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पातेल्यात पाणी उकळ, लिटरला १० ग्रॅम मीठ. न्योक्की सोड, एकदाच हलकं ढवळ. दीड-दोन मिनिटांत गोळ्या एकेक करून वर येतात. सगळ्या वर आल्या की वीस सेकंद थांब आणि झाऱ्याने ताटलीत काढ. कपभर पाणी बाजूला ठेव, ते फेकायचं नाही. पातेलं उतरव, तवा ठेव, ३० ग्रॅम लोणी. विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, हे तुझ्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं. लोणी सोनेरी व्हायला लागण्याच्या आधीच तवा उचलून बाजूला घे, उरलेला रंग त्याच्या स्वतःच्या उष्णतेवर येईल. मग तीन-चार चमचे पाणी, मग न्योक्की, पुन्हा शेगडीवर मिनिटभर. सेज तुझ्याकडे कुंडीसकट मिळेल, तिकडच्या सुपरमार्केटमध्ये हर्बांच्या कुंड्या असतात. जर्मन भाषेत त्याला झाल्बाय म्हणतात.

दमला असशील तर पाणीही उकळू नकोस. फ्रिजमधली पाकिटातली न्योक्की चमचाभर तेल आणि थोड्या लोण्यात थेट तव्यावर टाक. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं उलटसुलट कर. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. हे पाकिटातल्या न्योक्कीलाच जमतं, हातच्या न्योक्कीचा अशाने लगदा होतो. शेजारी टोमॅटो-काकडी चिरून घे, नुसतं पीठ आणि लोणी रोज खाऊ नकोस.

प्रश्न : तुमच्याकडे हे रोजचं जेवण आहे की सणाचं? (कोल्हापूर)

दोन्ही. रोममध्ये गुरुवार न्योक्कीचा. ‘जोवेदी न्योक्की’ ही म्हण तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, पुढे शुक्रवारी मासे आणि शनिवारी वजडी. शुक्रवार मांसाविना काढायचा, म्हणून आदल्या दिवशी पोटाला धरून राहील असं जेवण. रोमची आणखी एक न्योक्की आहे. तिच्यात बटाटा नाहीच, रवा दुधात शिजवून, थापून, गोल चकत्या कापतात आणि लोणी-चीज घालून भाजतात. सांज्याच्या वड्या थापणाऱ्यांना ती पहिल्या फटक्यात जमेल.

वेरोनात मात्र न्योक्कीचा स्वतःचा सण आहे. ईस्टरच्या आधीच्या उपवासांना सुरुवात होण्यापूर्वी कार्निव्हल असतं, त्यातला शेवटचा शुक्रवार म्हणजे ‘वेनेर्दी न्योकोलार’, न्योक्कीचा शुक्रवार. सान झेनो हा आमच्या गावातला जुना मोहल्ला. तिथले लोक मतदान करून ‘पापा देल न्योको’ निवडतात, म्हणजे न्योक्कीचा बाप. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, आणि हातात राजदंडासारखा भलामोठा काटा, काट्याला टोचलेली एक प्रचंड न्योक्की. मिरवणूक गावभर फिरते आणि चौकात लोकांना न्योक्की वाटतात. फेब्रुवारीच्या थंडीत हातात कागदी वाडगा धरला की बोटं आधी शेकली जातात, मग चव कळते.

इथली परंपरा सांगते की १५३१ साली दुष्काळ आणि महागाईने लोक टेकीला आले, सान झेनोत दंगा झाला. तेव्हा तोमासो दा वीको नावाच्या वैद्याने गरिबांना पीठ, लोणी, चीज, पाव आणि दारू वाटली, मृत्युपत्रातही त्याची तजवीज केली. मला त्या यादीतली पहिली तीन नावं फार बोलकी वाटतात. पीठ, लोणी, चीज. बटाटा त्यात नाही, कारण दक्षिण अमेरिकेचा बटाटा इथल्या शेतात यायला अजून बराच अवकाश होता. तेव्हाची न्योक्की नुसत्या पिठाची. वेरोनाच्या वरच्या लेसीनियाच्या डोंगरात गवळ्यांची पिठाची न्योक्की आजही करतात, वितळलेल्या लोण्यात निथळणारी. लोण्याचा सॉस हा या पदार्थाचा बटाट्यापेक्षा जुना सोबती आहे.

शहरात सणाला टोमॅटोचा किंवा मटणासारख्या शिजवलेल्या मांसाचा रस्सा जास्त चालतो. पण जुन्या घरांत अजून एक प्रकार होतो : वितळलेलं लोणी, साखर आणि दालचिनीची पूड. गोड, पण जेवणात, पहिल्या वाढीला. सिन्योरा कार्निव्हलच्या शुक्रवारी तीच करते. मला पहिल्यांदा गोड आणि चीज एका ताटलीत विचित्र वाटलं होतं. आता मी त्या शुक्रवारची वाट बघते. जायफळ घालावं असं माझ्या मनात नेहमी येतं, पण तिच्या घरी मी तिच्याच पद्धतीने खाते.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही खात नाही. तुमच्या कृतीत अंडं नव्हतं, पण दुसरीकडे सगळीकडे दिसतं. आणि पार्मेजान चीज चालेल का? (पुणे)

अंड्याशिवाय बिनदिक्कत करा. अंडं ओल्या बटाट्याला सावरायला घालतात. बटाटा कोरडा असेल तर त्याची गरजच नाही, आणि माझ्या मते अंड्याने गोळी कडक होते. विकतच्या पाकिटावर मात्र घटक वाचून घ्या, काहींत अंडं असतं.

चीजचं नीट ऐका, कारण इथे शाकाहारी पाहुण्यांची फसगत मी पाहिली आहे. पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे अस्सल पार्मेजान, आणि ग्राना पादानो ही दोन्ही चीजं दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरून करतात. ती त्यांची ठरलेली पद्धत आहे, त्यामुळे अस्सल असेल तर ते शाकाहारी नसतंच. पेकोरीनो रोमानोला कोकराचं रेनेट. हॉटेलात ‘व्हेज’ लिहिलेल्या पदार्थावरही हेच किसून घालतात. भारतात सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं, पार्मेजानच्या धाटणीचं कडक चीज मिळतं. हिरवा ठिपका पाहून तेच घ्या. मिळालं नाही तर प्रोसेस्ड चीजचा क्यूब किसू नका, तो वितळून चिकट थर होतो. त्यापेक्षा चीज गाळा आणि दोन चमचे भाजलेल्या अक्रोडाची भरड घाला. खारटपणा मिठाने आणा. लोण्याची बेरी आणि अक्रोड यांचं फार चांगलं जमतं.

प्रश्न : बटाटा आणि लोणी दोन्ही उपासाला चालतात. मैद्याच्या जागी काय घातलं तर न्योक्की चतुर्थीला करता येईल? आणि आधल्या रात्री करून ठेवता येईल का? (सांगली)

मी शिंगाड्याच्या पिठाची करते, १ किलो बटाट्याला १५० ग्रॅमपासून सुरुवात करून. त्या पिठाला तार नसते, त्यामुळे मळण्याची भीती नाही, पण धरून ठेवण्याचं सगळं काम बटाट्यावर पडतं, म्हणून बटाटा आणखी कोरडा हवा. दाबल्यावर पसरट कढईत मिनिटभर मंद आचेवर फिरवून घ्या. रंग जरा मळकट येतो. राजगिऱ्याच्या पिठाची गोळी माझ्या हातून पाण्यात सुटली, ती सुचवणार नाही. पाणी खळखळून उकळतं नको, नुसतं हलतं असावं, आणि एका वेळी दहा-बाराच सोडा. सॉसला लोणी, जिरं आणि हिरव्या मिरचीचे दोन तुकडे, न्योक्की शिजवलेलं अर्धी पळी पाणी, वर दाण्याचा कूट. जिरं तुमच्याकडे उपासाला चालत नसेल तर नुसती मिरची.

रात्री करून ठेवायचं म्हणाल, तर कच्च्या गोळ्या नुसत्या फ्रिजमध्ये ठेवू नका. बटाटा पाणी सोडतो आणि सकाळी सगळ्या ताटाला चिकटलेल्या, काळपट पडलेल्या असतात. पीठ भुरभुरलेल्या ताटात एकमेकींना न लागतील अशा मांडून ताट फ्रीजरमध्ये ठेवा. दोन-तीन तासांनी खड्यासारख्या कडक झाल्या की पिशवीत भरा. सकाळी न वितळवता, तशाच गोठलेल्या उकळत्या पाण्यात सोडा. वर यायला मिनिटभर जास्त घेतील.